पगारवाढ हवी, हा कर नको : ओक्लाहोमाचा प्रश्न क्रमांक ७७९

८ नोव्हेंबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचे मतदार राष्ट्राध्यक्ष निवडायला गेले, तेव्हा त्यांच्या मतपत्रिकेवर सात राज्य-प्रश्नही, म्हणजे लोकांनी थेट 'हो' किंवा 'नाही' मत द्यायचे प्रस्ताव, छापलेले होते. एक फाशीच्या शिक्षेबद्दल होता, एक किराणा दुकानांत वाइन विकू द्यावी का याबद्दल. प्रश्न क्रमांक ७७९ शिक्षकांच्या पगाराचा होता. राज्याच्या विक्रीकरात डॉलरमागे एक सेंट वाढ करायची आणि त्यातून सरकारी शाळांतल्या प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५,००० डॉलर वाढवून द्यायचे, असा तो प्रस्ताव. वाइनचा प्रश्न मंजूर झाला. शिक्षकांचा पडला, आणि तोही थोडक्यात नाही. दहातली जवळजवळ सहा मतं विरोधात गेली.

दीड वर्ष उलटायच्या आत त्याच राज्याच्या विधिमंडळाने शिक्षकांना सरासरी ६,१०० डॉलरची वाढ दिली, आणि त्यासाठी कर वाढवले. मधल्या काळात राज्य काही श्रीमंत झालं नव्हतं, मतदारही बदलले नव्हते. मग बदललं काय, आणि त्यातलं किती आधीच करता आलं असतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. नावं फक्त सार्वजनिक पदांवरच्या व्यक्तींची घेतली आहेत. बाकीचे लोक त्यांच्या भूमिकेवरून ओळखावेत.

पार्श्वभूमी

गोष्ट १९९० पासून सुरू करावी लागते. त्या वर्षी ओक्लाहोमात 'हाउस बिल १०१७' नावाचा कायदा झाला. वर्गातली मुलांची संख्या कमी करणं, शिक्षकांचे पगार वाढवणं आणि त्यासाठी कर वाढवणं, असं सगळं एकाच गठ्ठ्यात होतं. सिनेटमध्ये विधेयक अडकलं तेव्हा शिक्षक वर्ग सोडून राजधानीत येऊन धडकले आणि ते पुढे सरकलं. रिपब्लिकन गव्हर्नर हेन्री बेलमन यांनी सही केली. लगेच पुढच्या वर्षी हा कायदा रद्द करण्यासाठी मतदान झालं, त्यातून तो वाचला. पण करवाढीचा राग शमला नव्हता. मार्च १९९२ मध्ये मतदारांनी प्रश्न क्रमांक ६४० मंजूर केला: यापुढे कर वाढवणारं कोणतंही विधेयक दोन्ही सभागृहांत तीन-चतुर्थांश मतांनी मंजूर व्हायला हवं, नाहीतर ते लोकांच्या मताला टाकायला हवं.

१०१ जणांच्या प्रतिनिधिगृहात तीन-चतुर्थांश म्हणजे ७६, आणि ४८ जणांच्या सिनेटमध्ये ३६. पुढची सव्वीस वर्षं हा आकडा एकदाही गाठला गेला नाही. कर कमी करायला मात्र साधं बहुमत पुरत होतं. या असमान कुलपामुळे पुढचं सगळं घडलं, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. उत्पन्नकराचा वरचा दर २००४ मध्ये ६.६५ टक्के होता, तो पायरी-पायरीने उतरत जानेवारी २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आला. नव्या तेल आणि वायूविहिरींवरचा उत्पादन कर पहिल्या छत्तीस महिन्यांसाठी २ टक्के ठेवायचं २०१४ मध्ये ठरलं. मूळ दर ७ टक्के होता. त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळायला लागले. २०१६ साली पुढच्या अर्थसंकल्पात सुमारे १३० कोटी डॉलरचं भगदाड दिसत होतं.

शाळांची अवस्था आकड्यांपेक्षा वेळापत्रकावरून जास्त कळायची. कितीतरी शाळा-जिल्ह्यांनी आठवडा चार दिवसांचा केला होता. (अमेरिकेत शाळा चालवणारी स्थानिक संस्था म्हणजे 'स्कूल डिस्ट्रिक्ट', ओक्लाहोमात अशा पाचशेहून जास्त.) पदवीधर, अनुभव शून्य, अशा शिक्षकाचा राज्याच्या तक्त्यातला किमान वार्षिक पगार होता ३१,६०० डॉलर, आणि तो तक्ता २००८ नंतर हललाच नव्हता. शेजारी टेक्सास. तिथल्या मोठ्या शहरांत सुरुवातीलाच त्याहून पंधरा-अठरा हजार जास्त मिळत. सीमा ओलांडली की झालं. २०१६ साली ज्याला राज्याने 'टीचर ऑफ द इयर' म्हणून गौरवलं, तो शिक्षकही पुढच्या वर्षी टेक्सासला निघून गेला.

रिकाम्या जागा 'इमर्जन्सी सर्टिफिकेट'वर भरल्या जात. म्हणजे त्या विषयाचं वा शिक्षकी पेशाचं ठरलेलं प्रशिक्षण नसलेल्या माणसाला तात्पुरती परवानगी. २०११-१२ मध्ये अशी ३२ प्रमाणपत्रं दिली गेली होती. २०१६ पर्यंत आकडा वर्षाला हजाराच्या वर गेला.

समोरचे पर्याय

पगार वाढायला हवा याबद्दल वाद जवळजवळ नव्हताच. गव्हर्नर मेरी फॅलिन यांनी स्वतः फेब्रुवारी २०१६ मध्ये ३,००० डॉलरची वाढ सुचवली होती. ती विधिमंडळात विरून गेली. म्हणजे 'विधिमंडळाची वाट पाहा' हा पहिला पर्याय. तो आठ वर्षं वापरून झाला होता.

दुसरा, तेल-वायूवरचा कर पुन्हा वाढवण्याचा. सरळ दिसतो, पण ओक्लाहोमात तेल हा नुसता उद्योग नाही; राजधानीतल्या विधानभवनाच्या आवारातच तेलविहीर खोदलेली आहे. भाव पडलेले, माणसं कामावरून काढली जात असलेली, अशा वेळी हा विषय काढायला कुणी धजेना.

तिसरा मालमत्ता कराचा. शाळांसाठी तो किती लावता येतो याच्या मर्यादा राज्यघटनेतच आहेत, आणि श्रीमंत भागाला जास्त, गरीब भागाला कमी, हा त्याचा जुना दोष. चौथा उत्पन्नकराचा, तो तर नुकताच कमी केल्याचा जल्लोष चालू होता.

उरला विक्रीकर. इथे एक स्थानिक संदर्भ लक्षात घ्यायला हवा, नाहीतर हा पर्याय का निवडला ते कळत नाही. राज्याची राजधानी असलेल्या ओक्लाहोमा सिटीने डिसेंबर १९९३ मध्ये 'मॅप्स' नावाच्या योजनेसाठी स्वतःवर एक सेंटचा विक्रीकर बसवून घेतला होता. त्यातून मरगळलेल्या मध्यवस्तीत बेसबॉलचं मैदान, कालवा, ग्रंथालय, क्रीडासंकुल उभं राहिलं. २००१ मध्ये तसाच कर शाळांच्या इमारतींसाठी मंजूर झाला. 'पेनी टॅक्स' म्हटलं की त्या शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ठोस काहीतरी येई. एक सेंट द्यायचा आणि काय उभं राहिलं ते डोळ्यांनी पाहायचं, असा तो सौदा. तोच सौदा राज्यभर करता येईल, असं प्रस्तावकांना वाटलं.

प्रस्तावाचा चेहरा होते डेव्हिड बोरेन. माजी गव्हर्नर, माजी अमेरिकी सिनेटर, आणि १९९४ पासून ओक्लाहोमा विद्यापीठाचे अध्यक्ष. राज्यात त्यांच्याइतकं ओळखीचं नाव क्वचितच असेल. त्यांनी २०१५ च्या शरद ऋतूत ही कल्पना मांडली. सह्या गोळा करून प्रश्न थेट मतपत्रिकेवर नेण्याची सोय ओक्लाहोमाच्या घटनेत आहे, आणि तसं केलं की तीन-चतुर्थांशाची अट आडवी येत नाही.

पहिला निर्णय : कायदा की घटनादुरुस्ती

साधा कायदा मतदानाला न्यायचा तर मागच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीतल्या मतांच्या ८ टक्के सह्या लागतात. घटनादुरुस्तीला १५ टक्के, म्हणजे त्या वेळी १,२३,७२५. प्रस्तावकांनी घटनादुरुस्ती निवडली. कारण उघड होतं: कायदा विधिमंडळ उद्या बदलू शकतं, घटना नाही.

या भीतीमागे लॉटरी होती. २००४ मध्ये ओक्लाहोमाच्या मतदारांनी 'शिक्षणासाठी' म्हणून राज्य लॉटरी मंजूर केली. हे पैसे शाळांच्या चालू निधीच्या बदल्यात नव्हे, त्यावर जादा म्हणून दिले जातील, असं तेव्हा लिहून घेतलं होतं. लॉटरीतून अपेक्षेपेक्षा खूपच कमी पैसा आला, आणि एकीकडून आलेला पैसा दुसरीकडून गळतो हा संशय लोकांच्या मनात कायमचा बसला. 'लॉटरीचे पैसे गेले कुठे?' हा प्रश्न तिथे कुठल्याही शाळा-निधीच्या सभेत कुणीतरी विचारतोच. म्हणून ७७९ मध्ये कलम घातलं गेलं की हा निधी सध्याच्या निधीची जागा घेणार नाही, आणि ते तपासायची जबाबदारी एका राज्य मंडळावर.

(आपल्याकडे याचा भाऊबंद शोधायचा तर पगारपत्रकावरचा व्यवसाय कर पाहावा. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. दर महिन्याला तो कापला जाताना पाहणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहे, हे ऑफिसात विचारून बघा.)

घटनादुरुस्तीचा निर्णय मला समजण्यासारखा वाटतो, पण त्याची किंमत होती. वाटपाची टक्केवारी घटनेत कोरायची म्हणजे ती दोन दशांशांपर्यंत आधीच ठरवायला हवी. पुढे चूक उमगली तर दुरुस्तीला पुन्हा राज्यव्यापी मतदान. सावधपणे 'हो' म्हणू शकणाऱ्या मतदारालाही 'कायमचं' हा शब्द जड जातो.

दुसरा निर्णय : एक सेंट, चार वाटेकरी

माझ्या मते हरण्याचं बीज इथेच पडलं.

वर्षाला अंदाजे ६१.५ कोटी डॉलर गोळा होणार होते. त्यांची वाटणी अशी: ६९.५ टक्के शाळा-जिल्ह्यांना, १९.२५ टक्के उच्च शिक्षणाला, ३.२५ टक्के तंत्रशिक्षणाला, आणि ८ टक्के राज्याच्या शिक्षण खात्याकडे, गरीब घरांतल्या लहान मुलांच्या शाळापूर्व शिक्षणासाठी. शाळा-जिल्ह्यांच्या वाट्यातले ८६.३३ टक्के पगारवाढ आणि शिक्षकटंचाईवरचे इतर उपाय यांसाठी, उरलेले वाचन, शालेय शिक्षण पूर्ण करणं वगैरे कार्यक्रमांसाठी. शाळा-जिल्ह्यांच्या प्रमुखांचे, म्हणजे अधीक्षकांचे पगार यातून वाढवायचे नाहीत, हेही लिहिलेलं होतं.

६९.५ चे ८६.३३ टक्के म्हणजे ६०. फलकावर 'शिक्षकांना ५,००० डॉलर', आणि आत शंभरातले साठ. उरलेले चाळीस वाईट कामाला जाणार होते असं अजिबात नाही. शाळापूर्व शिक्षण आणि विद्यापीठांची फी हे दोन्ही खरे प्रश्न होते, आणि विद्यापीठांच्या निधीतही मोठी कपात झाली होती. जितके वाटेकरी तितके कार्यकर्ते, तितका प्रचाराला पैसा, हा हिशोबही चुकीचा नव्हता. पण प्रस्ताव मांडणारा माणूस विद्यापीठाचा अध्यक्ष, आणि पाचवा हिस्सा जवळपास उच्च शिक्षणाला. विरोधकांना फार डोकं चालवावं लागलं नाही. शिक्षकाचं नाव पुढे करून विद्यापीठ आपली झोळी भरतंय, हे वाक्य प्रचारसभेतच काय, न्हाव्याच्या खुर्चीतही सहज बोलता येतं. त्याला उत्तर द्यायला मात्र तक्ता उघडावा लागतो.

याच वाटणीवरून खटलाही झाला. घटनादुरुस्तीत एकच विषय असावा असा नियम आहे. इथे अनेक विषय एकत्र बांधले आहेत, असं विरोधकांचं म्हणणं. जानेवारी २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव पुढे जाऊ दिला: सगळं शिक्षण सुधारण्याच्या एकाच धाग्यात येतं. न्यायालयाने धागा एकच आहे असं म्हटलं, पण मतदाराला तसं वाटेलच असं नव्हतं.

सह्या मात्र धो-धो आल्या. लागणार होत्या सव्वा लाखाच्या आत. आल्या तीन लाखांहून जास्त. सुरुवातीच्या मतचाचण्यांतही बहुमत बाजूने होतं. या दोन गोष्टींनी प्रस्तावकांना आराम दिला असावा. सही करणं म्हणजे 'हा प्रश्न विचारा' म्हणणं. किराणा दुकानाच्या दारात कुणी शिक्षिका कागद पुढे करते, तेव्हा 'नाही' म्हणणारे थोडेच. मत गुप्त असतं.

विरोध कुठून आला

करवाढीला तत्त्वतः विरोध करणारे पुराणमतवादी गट येणारच होते. त्यांचं म्हणणं होतं, नवा कर न लावताही ५,००० डॉलर देता येतात, विधिमंडळाने खर्च नीट लावावा. हे 'आणखी चांगला मार्ग आहे' आश्वासन मतदाराला फार सोयीचं पडलं. शिक्षकांच्या विरोधात न जाता 'नाही' म्हणायची वाट मिळाली.

खरा धक्का शहरांकडून बसला. ओक्लाहोमातल्या महापालिका मालमत्ता करातून दैनंदिन कारभार चालवू शकत नाहीत; तो कर शहरांना कर्जरोखे फेडण्यासारख्या ठराविक कामांपुरताच मिळतो. पोलीस, अग्निशमन, रस्ते, बागा सगळं विक्रीकरावर. ओक्लाहोमा सिटीत तेव्हा राज्य आणि शहर मिळून विक्रीकर ८.३७५ टक्के होता. ७७९ नंतर तो ९.३७५ झाला असता. राज्यभरातल्या शहरांची सरासरी धरली तर ओक्लाहोमा देशात सर्वांत जास्त विक्रीकर असलेल्या राज्यांत जाऊन बसलं असतं. मग उद्या शहराला पोलिसांसाठी अर्धा सेंट हवा झाला तर कोणत्या तोंडाने मागायचा? महापौर आणि त्यांच्या संघटना म्हणू लागल्या: आमच्या ताटातली भाकरी उचलून शाळांना देताय.

'मॅप्स'चा दाखला इथे उलटला. तो सेंट शहराचा होता, शहराने ठरवलेला, शहरात दिसणारा. आता त्याच सेंटवर राज्याने हात टाकला होता.

तिसरा विरोध आवाजाने लहान, पण मला सर्वांत जड वाटणारा. ओक्लाहोमात तेव्हा पीठ, दूध, अंडी, भाजी सगळ्यावर पूर्ण विक्रीकर होता. १०० डॉलरच्या किराण्यावर राजधानीतल्या बाईला ८ डॉलर ३८ सेंट भरावे लागत, ते ९ डॉलर ३८ झाले असते. जिची सगळी कमाई किराण्यात जाते, तिच्यावर हा कर सर्वांत जास्त बसतो. दहा वर्षं वरच्या उत्पन्नावरचा कर कमी करत जायचं, आणि पडलेलं भगदाड डाळ-तांदळाच्या पिशवीतून भरायचं. हे ज्यांना डाचत होतं ते शिक्षकांचे मित्र होते. त्यांतल्या बऱ्याच जणांनी नाक दाबून 'हो' म्हटलं, काहींनी म्हटलं नाही.

मतदान

विरोधात ५९.४ टक्के, बाजूने ४०.६. त्याच निवडणुकीत स्वतः उमेदवार म्हणून उभे राहिलेले बहुतेक शिक्षकही पडले. त्या रात्रीची बातमी एका ओळीत सांगता येईल अशी होती: ओक्लाहोमाला शिक्षक नकोत. ती बातमी चूक होती, पण ते सिद्ध व्हायला सोळा महिने जावे लागले.

नंतर काय घडलं

'आणखी चांगला मार्ग' सांगणाऱ्यांनी २०१७ च्या अधिवेशनात पगारवाढ दिली नाही. विधिमंडळाने सिगारेटच्या पाकिटावर दीड डॉलर लावला, पण तीन-चतुर्थांश मतं नसल्याने त्याला 'कर' न म्हणता 'शुल्क' म्हटलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाव बदलून कराचं शुल्क होत नाही. आणि अर्थसंकल्पात आणखी एक खड्डा पडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये उद्योगपतींच्या एका गटाने आखलेली योजना आली, त्यात ५,००० डॉलरची पगारवाढ होती. प्रतिनिधिगृहात ६३ मतं बाजूने, ३५ विरोधात. कुठल्याही साध्या सभेत हा दणदणीत विजय ठरला असता. इथे १३ मतं कमी पडली.

त्याच महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातले शिक्षक संपावर गेले आणि वाढ घेऊनच परतले. ओक्लाहोमात स्टिलवॉटर गावच्या एका तरुण शिक्षकाने फेसबुकवर गट काढला, आणि थोड्याच दिवसांत त्यात हजारोंनी माणसं आली. शिक्षक संघटनेने मग तारीख दिली: १ एप्रिलपर्यंत कायदा करा, नाहीतर २ एप्रिलला शाळा बंद.

इथे ७७९ शी तुलना करताना एक गोष्ट निसटू नये. या वेळी शाळा-जिल्ह्यांचे अधीक्षक आणि शाळा-मंडळं बंद मोडून काढायला उभी राहिली नाहीत. अनेकांनी शाळा बंद ठेवायला स्वतःहून पाठिंबा दिला. पालकांनी मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय गावागावांत, चर्चमध्ये लावली. शिवाय तेल-वायूवरचा कर सरळ ७ टक्के करण्यासाठी एक नवा जनप्रस्तावही दाखल झालेला होता. म्हणजे विधिमंडळाने काही केलं नाही तर एकीकडे बंद शाळा, दुसरीकडे मतपत्रिकेवर सात टक्के. तेल कंपन्यांसाठीही मग पाच टक्के हा स्वस्तातला सौदा ठरला.

२६ मार्चला प्रतिनिधिगृहाने विधेयक ७९ विरुद्ध १९ ने मंजूर केलं. २८ मार्चला सिनेटमध्ये ३६ विरुद्ध १०. बरोब्बर ३६, एकही जास्त नाही. दुसऱ्या दिवशी फॅलिन यांनी सही केली. सिगारेटच्या पाकिटावर १ डॉलर, पेट्रोलवर गॅलनला ३ सेंट, डिझेलवर ६ सेंट, नव्या विहिरींवरचा कर २ वरून ५ टक्के. सुरुवातीचा पगार ३१,६०० वरून ३६,६०१ डॉलर झाला. पंचवीस वर्षं काढलेल्यांना आठ हजारांहून जास्त वाढ मिळाली. विक्रीकराला कुणी हात लावला नाही.

तरीही २ एप्रिलला शिक्षक राजधानीत जमलेच, कारण मागणी तीन वर्षांत १०,००० डॉलरची होती आणि वर्गखोल्यांसाठीच्या निधीचीही. फाटकी पाठ्यपुस्तकं आणि मोडक्या खुर्च्यांचे फोटो देशभर फिरले. १२ एप्रिलला संघटनेने बंद मागे घेतला. शेवटच्या दिवसांत पदरात फारसं काही पडलं नाही, आणि संघटनेने लवकर माघार घेतली म्हणून अनेक शिक्षक चिडले.

वेगळं काय करता आलं असतं

मागे वळून शहाणपण सांगणं सोपं असतं, हे मान्य करून चार गोष्टी.

वाटणी. सगळा सेंट नको, अर्धा-पाऊण सेंट आणि फक्त शिक्षकांचा पगार, असा प्रस्ताव लिहिता आला असता. विद्यापीठांचा पैसा आणि पाठबळ कदाचित गेलं असतं. पण साठ टक्क्यांचं उत्तर देत बसावं लागलं नसतं, आणि शहरांनाही श्वास घ्यायला जागा राहिली असती.

शहरं. त्यांचा आक्षेप अनपेक्षित नव्हता. महापालिकांचं उत्पन्न कशावर चालतं हे माजी गव्हर्नरांना नक्कीच ठाऊक होतं. मसुदा लिहिण्याआधी महापौरांना एका टेबलाशी बसवलं असतं तर निदान ते गप्प तरी बसले असते. मसुदा छापून झाल्यावर त्यांची समजूत काढायची म्हटली तर द्यायला काही उरत नाही, कारण टक्केवारी गोठलेली असते.

कराचं साधन. २००४ मध्ये याच मतदारांनी तंबाखूवरचा कर वाढवायला मंजुरी दिली होती. म्हणजे 'ओक्लाहोमा करवाढीला कधीच हो म्हणत नाही' हे खरं नव्हतं. कोणत्या वस्तूवर, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं होतं. सिगारेटमधून एवढी मोठी रक्कम निघाली नसती, हेही तितकंच खरं. पण तेल-वायू, तंबाखू, इंधन असं थोडं थोडं करून रक्कम उभी राहते हे २०१८ ने दाखवलं. तेलाचे भाव तळाला असताना, २०१६ मध्ये, तेलावरच्या करासाठी मतं मिळाली असती का? इथे मी प्रस्तावकांना दोष द्यायला कचरतो.

चौथी गोष्ट पर्यायाची. ७७९ हरला तर पुढे काय, याची भीती कुणालाच नव्हती. हरलं तर जसं आहे तसं चालू राहणार होतं, आणि आमदारांना तेच सोयीचं होतं. २०१८ मध्ये काहीच न करणं महाग झालं होतं. मला वाटतं, दोन प्रसंगांतला सर्वांत मोठा फरक हाच. असं असूनही ७७९ चा पराभव वाया गेला असं म्हणवत नाही. 'नवा कर नको, आम्ही देतो' म्हणणाऱ्यांना दीड वर्ष मिळालं, आणि त्या दीड वर्षात त्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. तो पराभव झाला नसता तर २०१८ चा राग इतका पेटला असता का, सांगता येत नाही.

पुढचं थोडं

करवाढीविरुद्ध मत देणाऱ्या १९ रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी फक्त चार जण नोव्हेंबर २०१८ च्या मतपत्रिकेवर उरले. बाकीचे पक्षांतर्गत निवडणुकीत पडले किंवा उभेच राहिले नाहीत. ही करवाढ मतदानाने रद्द करू पाहणाऱ्या याचिकेला सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्येच बाद ठरवलं होतं. त्याच नोव्हेंबरात शाळांना इमारतीसाठीचा मालमत्ता कर पगारासाठीही वापरू द्यावा का, असा प्रश्न मतदारांपुढे आला आणि अगदी थोडक्या फरकाने पडला.

२०१९ मध्ये आणखी सरासरी सव्वा हजाराची वाढ मिळाली, २०२३ मध्ये अनुभवानुसार ३,००० ते ६,००० डॉलर. इमर्जन्सी सर्टिफिकेटं मात्र थांबली नाहीत. २०१८-१९ मध्ये, म्हणजे वाढ मिळाल्यानंतरच्या पहिल्याच शालेय वर्षात, ती तीन हजारांवर गेली. शेजारची राज्यंही तोवर पगार वाढवत होती, आणि सोडून गेलेला शिक्षक एका वाढीने परत येत नाही.

आणि तो किराण्यावरचा कर? २९ ऑगस्ट २०२४ पासून ओक्लाहोमा राज्याने किराण्यावरचा आपला साडेचार टक्के विक्रीकर काढून टाकला. शहरांनी आपापला वाटा तसाच ठेवला आहे.